काखेतला बाजार

मी आता जे सांगणार आहे, त्यावर तुमचा विश्वास बसायचा नाही. माझ्या रंगुबाईचा बसला नाही, आणि ती बावन्न वर्षं माझ्याबरोबर काढलेली बाई आहे. मी लांडग्याला तंबाखू खायला शिकवली, हे तिनं निमूट ऐकून घेतलंय. पण हे नाही. तरी सांगतो. त्या मंगळवारी दुपारी मी, कोंडीबा, सुई टोचल्याच्या भोकातून माझ्याच हातात उतरलो, काखेपर्यंत चालत गेलो, तिथल्या लोकांशी भांडभांड भांडलो आणि चहाच्या वेळेला घरी परत आलो. तिथं डोक्याला जो ताप झाला, तसला ताप मला अख्ख्या जन्मात मेंढरांनी दिला नाही, तलाठ्यानं दिला नाही, जावयानंसुद्धा दिला नाही.

सुरुवात गुंडापासून झाली. गुंडा म्हणजे माझा धाकटा भाऊ. पहिल्यापासून आम्ही दोघं एकाच घोंगड्यात झोपत आलोय. हा बाबा दोन महिने खोकत होता. मी म्हणायचो चुलीचा धूर, तो म्हणायचा लोकरीचा बुरा. उपकेंद्राच्या राजेश्वरी सिस्टरनं बेडका तपासायला नेला आणि टीबी निघाला. गोळ्या सुरू झाल्या. आता तो चांगला चार भाकरी खातो, अंगणात तोंड बांधून बसतो आणि सगळ्यांना हुकूम सोडतो. ताप मात्र आमच्या मागं लागला. घरात टीबी निघाला म्हटल्यावर घरातल्या सगळ्यांना सुई!

सोमवारी तालुक्यावरनं गाडी आली. मनगटाच्या वर, कातड्याच्या आतल्या आत बारीक सुई देतात. डास चावल्यागत फुगा येतो. भोवती पेनानं गोल काढतात आणि बजावतात, खाजवायचं नाही, गुरुवारी दाखवायचं. त्या जागी टणक सूज आली तर समजायचं, जंतू कधी ना कधी अंगात येऊन गेलाय आणि कुठंतरी निजलाय. मग आजार नसला तरी गोळ्या. आठवड्यातनं एकदा, असे बारा आठवडे, सिस्टरच्या डोळ्यांसमोर गिळायच्या.

माझी सगळी अडचण त्या बारा आठवड्यांत होती. दिवाळी झाली की आमची मेंढरं ह्या कोरड्या मुलखातनं निघतात. औंधाच्या यमाईला नारळ फोडायचा, कृष्णा ओलांडायची, आणि मग घाट उतरून कोकणात. मी सात वर्षांचा असल्यापासून एक साल चुकवलेलं नाही. लग्न झालं त्या सालीसुद्धा हळदीच्या अंगानं गेलो. आता अठ्ठ्याहत्तरावं चाललंय. गुडघे पुढच्या सालापर्यंत टिकतील असं गुडघेच म्हणत नाहीत. आणि माझा मुलगा तानाजी म्हणाला, “आबा, शुक्रवारी निघायचं. हात सुजला तर तुमी हितंच. सिस्टरपुढं माझं काय चालायचं न्हाई.”

बुधवारी रात्रीपर्यंत घरातल्या बाकी सगळ्यांचे हात सपाट. गुरुवारी सकाळी एकेक जण दाखवून मोकळा झाला. मी सगळ्यात शेवटी गेलो. अंगावर घोंगडं घेतलं होतं. थंडी होती असं नाही, पण सवय.

उपकेंद्राच्या बाकावर मानसिंग सुभेदार बसलेले. कडेगावकडं त्यांचा पाटाच्या पाण्यावरचा ऊस, पलटणीत अठ्ठावीस वर्षं काढलेली, आणि लेक आमच्या गावात दिलेली. लेकीकडं आले की रक्तदाब मोजायला इथं येतात आणि मोजून झाला तरी उठत नाहीत. फुकट बोलायला माणसं मिळतात ना!

मी सिस्टरच्या टेबलावर हात ठेवला.

“उजवा?” सिस्टर म्हणाली. “घरातल्या बाकी सगळ्यांचा डावा हाय.”

“मी डावरा हाय बाई. कातर डाव्या हातानं चालती माझी. गाडीतल्या पोरीला म्हटलं, कामाचा हात ऱ्हाऊ दे, ह्याला टोच.”

तिनं वही पाहिली. वहीत हाताचा रकाना मोकळाच होता. मग गोल पाहिला, बोट फिरवलं, प्लास्टिकची पट्टी लावली. काही नव्हतं. पाटीसारखा सपाट हात.

“आबा, तीन दिस आंघोळ केली न्हाई का? शाई जशीच्या तशी हाय.”

“आधी नळाला पाणी आणा, मग आंघोळीचं विचारा.”

सुभेदार हसले. सिस्टर हसली नाही. “गुंडाआबांच्या शेजारी वर्षानुवर्षं झोपता तुमी, आणि तुमालाच काय न्हाई? थांबा. डॉक्टरास्नी फोन लावते. परत टोचायला लागंल का, इचारते.”

परत टोचायचं म्हणजे परत तीन दिवस. शुक्रवार गेला, शनिवार गेला, मेंढरं नदीपार. सुदैवानं उपकेंद्रात फोनला रेंज येत नाही. सिस्टर खिडकीत फोन उंच धरून उभी राहिली, आणि मी म्हणालो, “कशाला डॉक्टरास्नी तरास? मी सवता आत जाऊन बघून आलोय.”

“कुठं आत?” सुभेदार म्हणाले.

“हातात.”

“झालं सुरू!” त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. “सांग बाबा. हितं दुसरं काय काम हाय?”

मंगळवारी मेंढरं लिंबाखाली बसली होती. मी तंबाखू मळली, तोंडात टाकली, एक शिंक दिली आणि बघतो तर मी सुईच्या भोकाच्या काठावर. भोक आमच्या विहिरीएवढं. उतरलो. आत ओलसर, ऊबदार, तांबूस उजेड. खाली त्या सुईतलं पाणी सांडलेलं. आता त्या पाण्यात जंतू नसतो, बरं का. जंतूच्या अंगावरच्या नुसत्या ढलप्या असतात, चोराचा शर्ट फाटून पडावा तशा. माझ्या नातीच्या, स्वप्नालीच्या, कॉलेजच्या पुस्तकात ह्याची चित्रं आहेत. तिनं मला दाखवली होती, म्हणून मी ओळखलं.

समोरून एक शिपाई आला. वाटोळा, गरगरीत, अंगभर लव. स्वप्नाली ह्यांना टी पेशी म्हणते. मी म्हणालो, “बरं झालं आलास. हे बघ, चोराचं सामान पडलंय.”

“कुठं?”

“तुझ्या पायाशी!”

“मला दिसत न्हाई.”

मी ढलपी उचलून त्याच्या नाकापुढं धरली. तो सरळ माझ्याकडं बघत होता. “दिसत न्हाई,” म्हणाला. “असं उघडं पडलेलं आमाला दिसत न्हाई. आधी कुणीतरी खायला पाहिजे, चावून बारीक तुकडा करायला पाहिजे, आणि तो तुकडा ताटात मांडून दाखवायला पाहिजे.”

“ताटात? कुठल्या ताटात?”

“घरच्या. ह्याच अंगाच्या. दुसऱ्याच्या घरचं ताट आणलं तर त्यातलं आमाला वाचता येत न्हाई.”

“आणि जंतू जित्ता येऊन तुझ्या डोक्यावर नाचला तर?”

“नाचू दे. ताट कुठाय?”

सांगा, माणसानं काय करावं? मी ढलपी आपटली.

“थाप!” सुभेदार मांडीवर हात मारून म्हणाले. “संत्रीला समोरचा दुश्मन दिसंना? आमच्या पलटणीत असता तर त्याला बिल्ले काढून घरी धाडला असता. कोंडीबा, निदान पटंल असं तरी सांग!”

सिस्टर खिडकीतून म्हणाली, “ते खरं हाय, सुभेदार.”

“काय खरं हाय?”

“टी पेशीला अख्खा जंतू दिसत न्हाई. तुकडाच लागतो, आन् तो बी आपल्याच पेशीनं धरलेला. आमाला ट्रेनिंगला हुतं.” आणि पुन्हा फोन उंच केला.

सुभेदारांचं तोंड उघडंच राहिलं. मला जोर चढला.

तर तो शिपाई निघून गेला, आणि मी एकटा चडफडत बसलो. तेवढ्यात एक बाई आली. अंगाला चहूकडून बाभळीसारख्या फांद्या फुटलेल्या, आणि त्या फांद्यांनी ती जमीन चाचपत चाललेली. बोलली नाही, चालली नाही, आधी ढलपी गिळली. बचाबचा चावली. आणि थोड्या वेळानं तिच्या अंगावर बारकी बारकी ताटं उगवली, प्रत्येक ताटात एकेक तुकडा. मी म्हणालो, “चला! झालं एकदाचं. बोलावतो त्या आंधळ्याला.”

“हितं न्हाई,” ती म्हणाली. “काखेतल्या बाजारात.”

“अगं बये, शिपाई आत्ताच हितनं गेला!”

“तो असाच गेला असंल. नवी वळख बाजारातच पटवायची असती.”

मनगटापासून काखेपर्यंत चालवलं तिनं मला. अंगात रक्ताची नदी असते, तसा पांढरट पाण्याचा एक ओढापण असतो. त्या ओढ्यानं गेलो. पायात चप्पल नाही, पाणी गुडघ्याएवढं, आणि पुढं ती ताटं सांभाळत, तुकडा सांडेल म्हणून पावलागणिक थांबत. कोपराशी मी म्हणालो, “जरा उरक.” ती म्हणाली, “तुमाला घाई हाय का?” आता हे बाईमाणसानं विचारल्यावर कोणता नवरा सरळ उत्तर देईल?

बाजार म्हणजे एक गाठ. पोराच्या पायाला जखम झाली की जांघेत अवधाण येतं की नाही, तसलीच गाठ काखेत असते. बाहेरून शेंगदाण्याएवढी, आतून लोणंदच्या मेंढरांच्या बाजारासारखी. गर्दी म्हणजे गर्दी! आणि आवाज! पलीकडच्या भिंतीला टेकूनच काळजाचा ढोल. आमच्या गजीनृत्यातला ढोल काय वाजेल, असा ढोल, धम धम, क्षणाची उसंत नाही. एकमेकांच्या कानाशी तोंड नेल्याशिवाय बोलता येईना.

बाई एका कोपऱ्यात ताटं पसरून बसली. शिपाई रांगेनं आले. पहिला आला, ताटात वाकून बघितलं, “माझी न्हाई,” आणि गेला. दुसरा आला, “माझी न्हाई.” तिसरा, चौथा, शंभरावा, हजारावा. “माझी न्हाई. माझी न्हाई. माझी न्हाई.” मी एकाचं मानगूट धरलं.

“तुला काय वळखता येतं रं?”

“एकच खूण.”

“अन् ह्याला?”

“दुसरी एक.”

“लाखभर गडी, आणि प्रत्येकाला एकेकच खूण?”

“मग तुमाला किती येत्यात?”

इथं मात्र मी त्याचं मानगूट सोडलं. कारण आम्हा मेंढक्यांचं तरी दुसरं काय असतं? प्रत्येक घराची मेंढरं कानाच्या चिरीवरनं ओळखायची. आमच्या घराची चीर म्हणजे डाव्या कानाच्या टोकाला एक त्रिकोण आणि खाली एक काप. दहा हजार मेंढरांच्या बाजारात मी रंग बघत नाही, लोकर बघत नाही, शिंगं बघत नाही. कान बघतो. माझी चीर नसली की माझी नाही.

“पण त्यास्नी ती एक खूण शिकिवली कुणी?” सुभेदार आता पुढं सरकून बसले होते. “भरती कुठं झाली?”

“छातीच्या हाडामागं शाळा हाय त्यांची.”

“छातीत शाळा! सिस्टर, हे तरी थाप म्हणा!”

“शाळा म्हणजे एक ग्रंथी असती,” सिस्टर म्हणाली. “तिथं तयार होत्यात. आबा सांगत्यात ते बरोबर हाय.”

“परीक्षा लय कडक,” मी सुभेदारांना म्हणालो. “आमी कुत्र्याचं पिल्लू कसं निवडतो? जे घरच्या कोकराला चावतंय ते ठेवायचं न्हाई. आन् जे कशावरच भुंकत न्हाई ते बी ठेवायचं न्हाई. तिथं तसंच. घरचं ताटच दिसत न्हाई, तो नापास. घरच्याच्याच अंगावर जातोय, तो बी नापास. शंभरातलं चार-पाच बाहेर पडत्यात.”

“पलटणीपरास कडक म्हणायचं!” सुभेदार सिस्टरकडं वळून म्हणाले. “खरं?”

“खरं.”

“आन् म्हातारपणी ती शाळा बंद पडती,” मी म्हणालो. “माझी कवाच पडली. त्यामुळं माझ्या बाजारात सगळे जुनेच गडी. काठी टेकत येत्यात, ताटाला नाक लावून बघत्यात, अर्धे तर रांगेतच डुलक्या काढत्यात.”

खरं सांगतो, मला आतून बरंच वाटत होतं. “माझी न्हाई” म्हणणारा प्रत्येक गडी म्हणजे कोकणाकडं एक पाऊल. अख्खा बाजार माझी न्हाई म्हणाला की हात सपाट, आणि शुक्रवारी मी मेंढरांच्या पुढं. मी तंबाखू काढली आणि मजेत मोजायला लागलो.

आणि मग तो आला.

म्हातारा होता. अंगावरची लव विरळ झालेली. रांगेत ढकलाढकली न करता सावकाश आला, ताटापुढं बसला, वाकला. तुकड्यावर हात फिरवला. मी मेंढीच्या कानावरून फिरवतो तसा. एकदा वरून, एकदा खालून. मग सरळ झाला आणि म्हणाला, “ही माझी.”

“नीट बघ,” मी म्हणालो. “पुन्हा बघ. डोळं गेल्यात तुझं.”

“हिला मी आधी बघितलंय. दोन सालामागं. ह्याच ओढ्यानं आलीवती.” आणि छाती भरून घ्यायला लागला.

मी त्याच्या पुढं आडवा झालो. “काय करतोस?”

“वरडणार.”

“कुणावर?”

“कुणावर न्हाई. मी लढत न्हाई, मी नुसता वरडतो. मग माझ्यासारखे आणखी व्हत्यात, खादाड गडी जमा व्हत्यात, बाण करणारे बाण करायला लागत्यात, मारणारे मारायला निघत्यात. सगळे सुईच्या जागी धावत जात्यात. जागा सुजती.”

“अरं, पण तिथं चोर न्हाई! नुसता फाटका शर्ट हाय! औषधाच्या पाण्यातनं आलेला!”

“ते मला काय म्हाईत? मला खूण म्हाईत.”

मी हात जोडले. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा माणूस, स्वतःच्याच काखेत, स्वतःच्याच शिपायापुढं हात जोडून उभा. मी म्हणालो, “बाबा, माझं ऐक. शुक्रवारी मेंढरं निघत्यात. मला एकदा घाट उतरायचाय. खाली उतरताना पहाटेची धुक्यातनं मेंढरांची नुसती पाठ दिसती, पांढरी, धुकं कुठलं आन् मेंढी कुठली कळत न्हाई. ते एकदा बघायचंय. पुढच्या साली तू वरड, हवा तेवढा वरड. ह्या साली गप बस.”

तो म्हणाला, “लोणंदच्या बाजारात तू गप बसलावतास?”

आता हे त्याला कसं माहीत? पण माझ्याच रक्तात वाढलेला गडी, त्याला काय माहीत नसणार! नऊ वर्षांमागं लोणंदच्या बाजारात मी एका मेंढीच्या कानावरून हात फिरवला. त्रिकोण आणि खाली काप. माझी. सहा महिन्यांपूर्वी हरवलेली. आणि दोरी कुणाच्या हातात? नाथाजीच्या. रंगुबाईच्या सख्ख्या भावाच्या. रंगुबाई बाजूलाच होती. तिनं माझी बाही ओढली, म्हणाली, “आवं, गप ऱ्हावा. आठ दिसावर त्याच्या पोरीचं लगीन हाय. एक मेंढी गेली तर गेली.” आणि मी अख्खा बाजार गोळा होईल असा ओरडलो. लग्नाला आम्हाला बोलावणं आलं नाही. नाथाजीनं आजतागायत आमचा उंबरा चढलेला नाही.

“का वरडलास?” शिपायानं विचारलं.

“खूण माझी हुती.”

“मग?”

मी त्याच्या वाटेतनं बाजूला सरलो.

बाकावर सुभेदारांनी टोपी उचलली, झटकली, परत मांडीवर ठेवली. म्हणाले, “मग वरडला का तो?”

मी भानावर आलो. कुठं चाललो होतो मी? ह्या वाटेनं गेलो तर हात सुजवूनच थांबलो असतो.

“वरडतोय कुठला!” मी घाईघाईनं म्हणालो. “तिथं आणखी एक भानगड असती. नुसती खूण पटून भागत न्हाई. ताट दाखवणाऱ्या बाईनं दुसरी निशाणी द्यायला लागती, की व्हय बाबा, खरंच धोका हाय. शिट्टी वाजिवल्याशिवाय कुत्रं चावत न्हाई तसं. दुसरी निशाणी न्हाई मिळाली तर तो गडी तिथंच बसकण मारतो आन् झोपतो.”

“सिस्टर?” सुभेदार म्हणाले.

“हे बी खरं हाय,” सिस्टर म्हणाली. आता तिनं फोन खाली ठेवला होता आणि ती टेबलाशी येऊन बसली होती. “नव्या गड्याचं तसंच असतं. पुढं सांगा आबा.”

“पुढं काय! बाई निशाणी द्यायला हात वर करायला लागली, तवा मी तिच्यावर घोंगडं टाकलं. ताटं, फांद्या, हात, समदं घोंगड्यात. शिपाई म्हणाला, दुसरी निशाणी कुठाय? मी म्हटलं, न्हाई आली. तो म्हणाला, अशी कशी न्हाई? मी म्हटलं, नियम म्हंजी नियम, तुमीच मला दुपारधरनं शिकवताय, ताट पाहिजे, बाजार पाहिजे, हे पाहिजे, ते पाहिजे! आता तुझं तूच निस्तर. तो लय चिडला. आपटला, कुरकुरला, आन् शेवटी बसला. बसल्या बसल्या झोपला. मी घोंगडं उचललं, ओढ्यानं खाली आलो, भोकातनं भाईर. लिंबाखाली मेंढरं तशीच बसलेली. म्हणून हात असा सपाट, सिस्टर. परत टोचून काय उपेग न्हाई. गडी झोपलाय. लिवा, सूज न्हाई. मी निघतो, नारळ आणायचाय यमाईला.”

मी उठलो. सुभेदार टाळ्या पिटत होते. “शाबास कोंडीबा! अख्खी थाप, आन् बाई म्हणत्यात सगळी खरी!”

सिस्टरनं वही उघडली. पेन हातात घेतलं. मी मनात म्हणालो, यमाई पावली.

“लिवते,” ती म्हणाली. “एकच सांगा. त्या बाजारात लय आवाज हुता म्हणालासा?”

“कानठळ्या बसत हुत्या!”

“काळजाच्या ढोलाचा?”

“मग! भिंतीला टेकूनच ढोल. एक वीत बी लांब न्हाई.”

तिनं पेन खाली ठेवलं. माझ्या उजव्या हाताकडं बघितलं, त्या निळ्या गोलाकडं. स्वप्नालीच्या पेनाची शाई फार गडद उमटते, हे मला तेव्हा कळलं. मग तिनं माझ्या घोंगड्याकडं बघितलं. सकाळपासून आतल्या आत जो हात मी खाजवायचा टाळत होतो, तिकडं.

“आबा,” ती इतक्या मोठ्यानं म्हणाली की बाहेर चपला घालणाऱ्या बायासुद्धा थांबल्या, “काळीज डावीकडं असतंय. उजव्या काखेत ढोल ऐकू आला, ही थाप हाय. दोन सालामागं एकदा बघितलेला जुना गडी शिट्टीसाठी थांबत न्हाई, आन् तुमचा तो झोपलेला बी न्हाई. डावा हात काढा भाईर!”